मुदतीचं घर

चार लॉऱ्यांवरून आलं होतं ते, चार तुकड्यांत,
नळ, तारा, कपाटाच्या कड्यांसकट.
युद्ध संपलं होतं, विमानांच्या कारखान्यांचे हात रिकामे होते,
त्याच पत्र्यातून त्यांनी घरं काढली भराभर
आणि कागदावर लिहिलं : मुदत वर्षे दहा.

मुदत कागदाला असते.
वेल्समधल्या त्या खाणगावातून आम्ही ते उचललं
तेव्हा त्याला एकोणसाठावं लागलं होतं.
मग कितीतरी वर्षं आमच्या गोदामात, ताडपत्रीखाली,
भाग अ, ब, क, ड.

ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणतात. गंजतं.
तांबडं नाही, पांढरं; बोटांना पीठ लागावं तसं.
दोन हिवाळे मी ते पीठ पुसत होते,
डॉक्टरी सुरीने रंगाचे थर सोलत होते :
तपकिरी, दोन तऱ्हांचे हिरवे, कुणा हौशीचा भडक नारिंगी,
आणि आठव्या थराखाली साय.
दुधावर धरते ना, तोच रंग.
त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेला.

मग बिऱ्हाड जमवायला निघाले.
रुखवत मांडायचं, पण नवरी ठाऊक नाही, असं काम.
लिनोलियम सापडलं एका बंद चॅपलच्या माळ्यावर,
रेडिओ लिलावात,
पलंग एका पाद्र्याच्या विधवेने दिला, रडत नाही, घासाघीस करत.
कोळशाची बादली माझ्या मावशीची.
ग्विलिम, आमचा प्रमुख, दारात वही घेऊन उभा :
सत्तेचाळीसच्या पुढची टाचणीसुद्धा आत नको.

आणि फ्रिज. घराबरोबरच आलेला,
त्या अख्ख्या गल्लीने तोवर न पाहिलेला.
आत मेणाचं लोणी, मेणाचं हॅम,
मागे दडवलेला छोटा स्पीकर,
त्यातून खरी वाटेल अशी बारीक घरघर.

उद्घाटनाच्या आठवडाभर आधी नेस्ता प्रॉसर आली.
सहाव्या वर्षी याच दारातून आत गेलेली, आता चौऱ्याऐंशीची.
काठी बादलीला टेकवली, तळवा भिंतीला लावला :
"कोरडी ठेवलीत. थंडीत घाम फुटायचा हिला,
माझा पलंग भिंतीपासून वीतभर लांब असायचा."
मी पलंग ओढला. वीतभर. ग्विलिमने लिहून घेतलं.

मग तिने फ्रिज उघडला आणि हसत सुटली.
"लोणी?"
वडील जहाजाच्या इंजिनखोलीतून परतले होते, म्हणाली,
दोनदा बुडता बुडता.
याची घरघर सुरू झाली की अंथरुणात उठून बसायचे,
बूट शोधायचे.
तिसऱ्या रात्री आईने प्लग काढला तो कायमचा.
"टोप्या ठेवायचो यात, चॅपलला जायच्या.
रविवारी आमच्या रांगेत सगळ्यांना रबराचा वास."

ग्विलिमने वही मिटली.
एका घराची गोष्ट ती, म्हणाला; आपण नमुना दाखवतो.
शाळेची मुलं येणार, त्यांना टोप्या बघून काय कळणार?
त्याचंही खोटं नाही.
लोणी जागच्या जागी आहे, पाटीही तशीच.

फक्त खालच्या खणात, हॅमच्या मागे,
एक निळी फेल्टची टोपी आहे, नोंदवहीत नसलेली,
आणि बुधवारी, माझ्या पाळीला,
तो स्पीकर बहुतेक बिघडलेला असतो.

जाताना फाटकाशी थांबून नेस्ताने विचारलं होतं :
"आता किती वर्षांची दिलीत याला?"
मी म्हटलं, कायमचं आहे आता.
तिने छताकडे पाहिलं, नव्या रंगाकडे,
आणि काही बोलली नाही.
रंगाच्या कंपनीची हमी बारा वर्षांची आहे,
ते मी तिला सांगितलं नाही.